शेवटचा हात

१

आमची आणि रंगूबाईंची भिंत एकच. कोपरी गावातली जुनी बैठी घरं, एकाला एक चिकटलेली. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. आमचे हे म्हणतात, "नंदा, तुझा एक कान कायम त्या भिंतीला लावलेला असतो." असू दे. पलीकडे भांडं पडलं तर कुठलं पडलं ते मला कळतं. पातेलं पडलं म्हणजे रसिका घाईत आहे. तांब्या पडला म्हणजे रंगूबाईंनी मुद्दाम पाडलाय.

रसिका त्यांची सून. टिटवाळ्याची पोरगी, त्यांच्या मुलानं, प्रफुल्लनं, स्वतः जमवून आणलेली. त्याची नोकरी ऐरोलीला, शिफ्टची. त्यामुळे दिवसभर घरात सासू आणि सून, आणि मधे पोपटमामांचा हार घातलेला फोटो. पोपटमामा म्हणजे रंगूबाईंचे मालक. मिठागरात कामाला होते, आणि स्वतःची एक लहानशी शिडाची होडी होती, खाडीत घालायचे. ते गेले आणि होडी अंगणात आली. विटांवर पालथी घातलेली, वरून निळी ताडपत्री. मांजरं व्यायची तिच्याखाली. रंग पार उडालेला. धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या शर्टासारखी दिसायची.

यंदा प्रफुल्लच्या मनानं घेतलं की नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची. पण घासून रंगवणार कोण? त्याला सुट्टी नाही. रसिका म्हणाली, मी करते.

रंगूबाई ओट्यावरूनच बोलल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "टिटवाल्याची पोर ती. तिना पानी बगला तो बालदीनचा. ती काय होरी रंगवनार गो!"

रसिका हसली आणि पदर खोचून बसली. मला मागाहून म्हणाली, "काकू, दोन वर्षं झाली. त्या मला 'ए' म्हणतात. एकदा 'ये' म्हणू देत, बास."

उन्हाळ्यात तिची आई आलेली. परत जाताना मी स्टेशनपर्यंत सोडायला गेले तर बाईंनी जिन्यापाशी माझे दोन्ही हात धरले. "ताई, पोरगी तुमच्या भरवशावर." तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना फोन लावते. खुशाल आहे, वजन वाढलंय, सासू बोलते पण मनानं वाईट नाही, असं सांगते. जबाबदारी घेतली की घेतली.

आषाढ लागला आणि भिंतीपलीकडून नवा आवाज सुरू झाला. लोखंडी पट्टीनं रंग खरवडायचा. खर्रर्र, खर्रर्र, खर्. दोन लांब, एक आखूड. मग थोडं थांबून बांगड्या मागे सारल्याची छुन. दोन दिवसांत मला तो आवाज इतका पाठ झाला की तो थांबला तरच मान वर व्हायची.

२

दुपारची झोप झाली की मी चहा टाकते आणि भिंतीवर दोनदा थापटते. की रसिका आलीच. तिची जागा ठरलेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. केसांत, भुवयांत, सगळीकडे निळा भुसा.

"काकू, तुमच्या चहात आलं म्हणजे शिक्षा असते. घसा धुऊन निघतो."

"मग एक कप सासूला नेऊन दे. तिथं गरज जास्त आहे."

हसता हसता तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापटलं, दुसरा कप ओतायला वळले आणि ओतता ओतता मला जाणवलं की भिंतीपलीकडे चालूच आहे.

खर्रर्र, खर्रर्र, खर्.

मी गाळणं तसंच धरून उभी. रसिका इथे. प्रफुल्ल कामावर. रंगूबाईंचे गुडघे असे की त्या जमिनीवर बसल्या तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्यांचं घोरणं मला त्याच भिंतीतून ऐकू येत होतं.

छुन.

"समोरच्या टॉवरमध्ये लाद्या कापतात काकू," रसिका कपात बघत म्हणाली. "भिंतीवर आपटून येतो आवाज."

खरंच होतं ते. समोर टॉवर उठतोय, दिवसभर काही ना काही चालूच असतं. मलाही पटलं.

ती गेल्यावर गाळणं धुताना ध्यानात आलं, मी तिला काही विचारलंच नव्हतं.

३

आता शेजारी एवढं काम चाललंय म्हटल्यावर बघायला नको? मी एका सकाळी ताडपत्रीखाली शिरले. आत सगळंच निळं. उजेड निळा, हात निळे, रसिकाचं तोंड निळं. वर पावसाची टपटप. बाहेर आळीत भाजीवाला ओरडत होता, पण तो फार लांब असल्यासारखा वाटत होता.

"हे बघा," ती म्हणाली. "मामंजी दर वर्षी नवा रंग चढवायचे, आधीचा न काढता. वर निळा. त्याखाली लाल. मग पिवळा, मग पुन्हा लाल. कांद्यासारखं आहे. आत जाल तसं ओलं."

"ओलं कसं असेल गं? खालचा रंग तर सगळ्यांत जुना."

"हात लावा ना."

वरचा निळा राखेसारखा, बोटाला भुकटी लागत होती. खालचा लाल जरा तकतकीत. त्याखालचा पिवळा तर चकाकत होता. आणि होडीच्या नाकाडापाशी, जिथं तिनं सगळ्यांत खोल खरवडलं होतं, तिथं तळहाताएवढा एक डाग. पोपटी. मी बोट टेकवलं तर बोट चिकटलं. काढलं तर तार आली. वासही आला, डबा नुकता उघडल्यावर येतो तसा, डोक्यात जाणारा.

संध्याकाळी प्रफुल्ल आला तसं मी ओट्यावरच त्याला गाठलं. "काय रे, पोपटमामांनी पहिला रंग पोपटी दिलेला का?"

"पोपटी? नाव नका काढू काकू. नावावरून आख्खा गाव चिडवायचा त्यांना. पोपटमामा, पोपटी शर्ट घाला, पोपटी पागोटं घाला. त्यांनी पोपटी रंगाचा रुमालसुद्धा कधी घेतला नाही." मग तो जरा ओशाळला. "यंदा मीच आणलाय. म्हटलं, आता ते नाहीत चिडायला. नावासारखी होडी तरी दिसू दे."

त्यानं आतून डबा आणून दाखवला. झाकण बसलेलं, वरची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. झाकणावर रंगाचा गोल छापलेला होता. मी माझं बोट शेजारी धरलं. एकच रंग.

आमच्या ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दमट हवा आहे. पापड वाळत नाही तुझा, रंग कुठून वाळणार?"

त्यांचं म्हणणं खोडून काढता येईना. पण ते बोट मी रॉकेलनं पुसलं, साबणानं धुतलं, तरी रात्री जेवताना भाताला वास येत राहिला.

४

त्यानंतरचा शनिवार असेल. मी आत अळूची पानं निवडत बसलेले. पुढच्या खोलीचं दार आम्ही दिवसा लावत नाही, नुसतं लोटून ठेवतो. पाऊस जरा उघडला होता.

"काकू, येते हां."

पुढच्या खोलीतून आवाज आला, रसिकाचा. मी मान वर केलीच नाही. "ये गं. सावकाश, पायरी ओली आहे." दार लोटल्याचं ऐकलं. आणि मी पुढचं पान हातात घेतलं.

दोन पानं झाली असतील. मला वाटलं, ही आली कधी?

मी उठले, भिजवलेलं पीठ वाटीत घेतलं आणि देण्याच्या निमित्तानं शेजारी गेले. रसिका मागच्या दारी केस वाळवत बसली होती. नुकतीच न्हालेली, पाणी ठिबकत होतं. उजव्या हाताला फडकं बांधलेलं.

"तू आत्ता आमच्याकडे आलेलीस ना गं?"

"नाय ओ काकू. सकाळपासून घरातच आहे. आज घासायला सुट्टी, हात सुजलाय बघा."

"मग मला येते म्हणून कोण म्हणालं?"

तिनं केसांतून कंगवा काढला नाही. "कोणी म्हणालं का तसं?" असं हळूच विचारलं. आश्चर्य वाटलं असं नाही. दुसरं कोणीतरी आजारी पडल्याची बातमी ऐकावी तसं.

मी घरी आले. पुढच्या खोलीत उभी राहिले आणि मला तेव्हा उमगलं. येताना माणूस "येते" म्हणत नाही. निघताना म्हणतं. निरोप घेतला म्हणजे ती तोवर आत होती. मी पानं निवडत होते तेवढा वेळ, पाच पावलांवर, कोणीतरी गप्प बसलेलं होतं.

दिवाणावरची चादर मी सकाळी ताणून घातलेली. तिच्या कडेला एकाच माणसानं बसावं एवढा खळगा पडला होता. खोलीत त्या रंगाचा वास.

आणि मी तिला "ये" म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार? जाणाऱ्याला "जा" असं आपल्यात कोण म्हणतं? निघणारा "येतो" म्हणतो, घरातला "या" म्हणतो, आणि दोघांनाही ठाऊक असतं की चाललंय ते जाणंच आहे. पण ज्याला हे ठाऊक नाही, त्यानं तो शब्द जसाच्या तसा घेतला तर?

मी चादर काढून धुवायला टाकली. स्वतःला सांगितलं की नंदा, दुपारी डुलकी लागली असेल तुला. बसल्या बसल्या लागते हल्ली.

५

त्यानंतर मी दिवसाही कडी घालायला लागले. आवाज दोनदा आला, दोन्ही वेळा बाहेरून, ओट्यावरून. "काकू, येते हां." मी तोंडात पदर धरून बसले. उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला "ये" म्हटलं नाही, आणि वाईट याचं वाटलं की आवाज रसिकाचाच होता, तसाच लाघवी.

खरी रसिका मात्र बदलत चालली होती. चहाला यायची, पण अर्धा कप ठेवायची. बोलता बोलता थांबायची. एकदा उठताना म्हणाली, "काकू, जाते मी."

"जाते म्हणू नये गं. येते म्हण, नेहमीसारखं."

"ते ती म्हणते," रसिका म्हणाली. "दोघींनी एकच कसं म्हणायचं?"

माझ्या हातातली बशी खाली आली. "कोण ती?"

ती पुन्हा उंबऱ्यावर बसली. गुडघ्याभोवती हात घालून, लहान पोरीसारखी. "हसू नका. दिवसभर बोलायला कोणी नाही ना. आई बोलतात ते टोमणे. मग मी होडीशीच बोलायचे. संध्याकाळी काम संपलं की तिच्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, येते गं. आपली सवय. एक दिवस आतून आलं, ये."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? बरं वाटलं."

मला रडूच आलं. म्हटलं, "ऊठ. आत्ताच्या आत्ता बॅग भर आणि चार दिवस टिटवाळ्याला जा. मी येते सोडायला. तुझ्या आईला मी शब्द दिलाय."

"एकच हात राहिलाय काकू. पोपटीचे दोन हात झाले, शेवटचा एक मारला की संपलं. आता गेले तर आई म्हणतील, बघा, पळाली. टिटवाल्याची ती टिटवाल्याची."

"म्हणू देत म्हणतील ते!"

"नाही काकू," ती म्हणाली. एवढंच, पण पुढे बोलायला जागा ठेवली नाही.

त्याच संध्याकाळी मी बघितलं. बघायला नको होतं, पण मी अशीच आहे. दिवेलागणीची वेळ. रसिका ओट्यावर बसून रंगूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. रंगूबाई म्हणत होत्या, "जरा जोर लाव गो, जेवत नाय काय?" दोघी माझ्या डोळ्यांसमोर. आणि ताडपत्रीखाली आवाज चालू होता. खर्रर्र, खर्रर्र, खर्.

होडी विटांवर पालथी, त्यामुळे कडेखाली वीतभर फट होती. मी केर काढायचं निमित्त करून वाकले. आत काळोख. आधी काही दिसेना. मग एक पाऊल दिसलं. तळवा माझ्याकडे, बोटांत जोडवी, गुडघे पोटाशी घेऊन बसलं की पाऊल जसं दिसतं तसं. पावलावर पिवळ्या गाऊनची कड. रसिकाच्या अंगावर त्या वेळी तोच पिवळा गाऊन होता. मग एक हात वरून खाली आला, आतल्या फळीवर पट्टी ओढत. दोन लांब, एक आखूड. मग हात थांबला आणि दुसऱ्या हातानं बांगड्या मागे सारल्या.

त्याच्या वर मी बघितलं नाही. कंबर धरून उठले आणि घरी आले.

प्रफुल्लला सांगितलं. तो बिचारा दमून आलेला, बूटही काढले नव्हते. "काकू, मांजर व्यायलीय तिथं. गाऊन मीच कोंबलाय जुना, पिल्लांना थंडी नको म्हणून." मग माझ्या तोंडाकडे बघून गंभीर झाला. "रसिका हल्ली झोपत नाही नीट. तुम्ही म्हणता तर पौर्णिमा झाली की नेतो तिला आईकडे."

"पौर्णिमेआधी ने."

"बघतो," तो म्हणाला.

६

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रसिकानं शेवटचा हात मारला. ताडपत्री काढली तशी आळीतली माणसं बघायला जमली. खोटं कशाला बोलू, होडी अशी दिसत होती की डोळा ठरेना. अंड्यातून आत्ताच निघाल्यासारखी, ओली, हिरवीगार. नाकाडावर कुंकवाचं बोट. सकाळी चार माणसं लावून तिला सुलटी करायची आणि खाडीवर मीठबंदराकडे न्यायची, असं ठरलं होतं.

मी माझं ठरवलं होतं. प्रफुल्लला फोन करून गळ घातली. तो म्हणाला, हाफ डे मिळत नाही, पण दिवेलागणीला येतो आणि आजच तिला टिटवाळ्याला सोडतो, उद्या सकाळी घेऊन येतो. तोवर मी रसिकाला नजरेआड होऊ द्यायची नव्हती. पाटवड्या करायला मदत कर म्हणून तिला घरी आणलं, कडी घातली. ह्यांना बजावलं की बाहेरून कोणाचाही आवाज आला तरी ओ द्यायची नाही. हे हसले, पण टीव्हीचा आवाज वाढवून गप्प बसले. प्रफुल्ललाही तेच सांगितलं होतं.

रंगूबाईंना सांगितलं नाही. सुचलंच नाही. त्यांनी आजवर सुनेला कधी "ये" म्हटलेलंच नव्हतं.

अंधारून आलं. मी देवापाशी दिवा लावला आणि रसिकाच्या शेजारी येऊन बसले. तिचा हात हातात घेतला. रंगाचे वाळलेले ठिपके होते त्यावर, मनगटापर्यंत. हात गार होता, पण हात होता. नाडी लागत होती.

"काकू, जाते मी," ती म्हणाली.

"कुठे जायचं नाही. प्रफुल्ल येईपर्यंत इथंच."

भिंतीपलीकडे काठीचा आवाज झाला. रंगूबाई उठल्या होत्या. काठी टेकत टेकत त्या ओट्यावर गेल्या. काठी थांबली. मग नाक ओढल्यासारखं झालं. मला कळलं, त्यांनी होडी बघितली. दिवसभर हट्टानं आत बसून होत्या, आता कोणी नाही असं बघून बाहेर आल्या होत्या.

आणि अंगणातून आवाज आला, माझ्या शेजारी बसलेल्या पोरीचा.

"आई, येते हां."

मी रसिकाचा हात घट्ट धरला. मनात म्हटलं, बोलू नका रंगूबाई. टोमणा मारा. नेहमीसारखा तांब्या आपटा.

भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. तसा आवाज मी त्या घरातून कधी ऐकला नव्हता, पोपटमामा गेले तेव्हासुद्धा नाही.

"ये गो बाय," रंगूबाई म्हणाल्या. "ये माजे लेकी. लवकर ये."

रसिकानं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा असा उजळला होता की मी क्षणभर भीतीच विसरले.

"ऐकलंत काकू?" ती म्हणाली. "आई मला ये म्हणाल्या."

"अहो," मी ह्यांना हाक मारली, कारण वीज गेल्यासारखं वाटलं. वीज गेली नव्हती. टीव्ही चालू होता. हे तिथंच बसले होते, माझ्याकडे बघत.

"रसिका कधी गेली?" हे म्हणाले.

दाराला कडी तशीच होती. मी मूठ आवळून बसले होते. उघडली. तळव्यावर नुसता रंग, पोपटी, ओला.

भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या आणि दोन बायका हसल्या.

७

हे म्हणतात, मला झापड आली आणि ती पोरगी कडी काढून गेली, ह्यांनीच मागून कडी लावली असेल, आठवत नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली. माझं वय झालंय, असंही असेल. मी ते मनात सारखं घोळवते. प्रफुल्ल त्या रात्री उशिरा आला आणि सासू-सुनेला हसताना बघून टिटवाळ्याचं नावच विसरला.

पौर्णिमेच्या सकाळी होडी सुलटी केली तेव्हा प्रफुल्ल म्हणाला, "आतूनपण घासलीस तू? वेडी आहेस का?" आतल्या फळ्या पांढऱ्याफेक होत्या. रसिका नुसती हसली. पिवळी पैठणी नेसली होती. पाण्याला घाबरणारी पोर, ती चिखलातून सरळ चालत गेली आणि होडीच्या नाकाडावर जाऊन बसली. शीड फुगलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळ सोडला. रंगूबाई काठावर माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "नंदे, माजी सून बग. कोन बोलंल टिटवाल्याची?"

होडी तिवरांच्या झाडीला वळसा घालून काठाजवळून गेली, अगदी जवळून. मिरवणुकीतले बँजोवाले दम खायला थांबले होते. रसिकाचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि मला ऐकू आलं, होडीच्या अंगातून, पाण्याच्या रेषेखालून. दोन लांब, एक आखूड. मग बांगड्या.

मी आजूबाजूला बघितलं. कोणाचीच मान हलली नव्हती.

आता शेजारी सगळं गोडीगुलाबीचं आहे. पातेलं पडत नाही, तांब्या पडत नाही. रंगूबाई "बाय" म्हटल्याशिवाय हाक मारत नाहीत. प्रफुल्लचं वजन वाढलंय. ती माझ्याकडे रोज येते. आल्याचा चहा कपभर पिते, घसा धुऊन निघाला असं कधी म्हणत नाही. उंबऱ्यावर बसत नाही, पुढच्या खोलीत दिवाणाच्या कडेला बसते. गुणाची आहे. कोणाला काय सांगू?

रविवार आला तसा मी टिटवाळ्याला फोन लावला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग काल तिच्या आईचाच आला.

"ताई, तुमचा फोन नाही म्हणून काळजी वाटली. पोरीशी बोलले परवा. गोड बोलली, सगळं विचारलं. पण मला रात्री झोप आली नाही. का ते सांगता येत नाही बघा. आहे का ती तिथं? जरा द्या ना तिला, तुमच्यासमोर बोलते."

ती दारातच उभी होती. हातात नारळीभाताची वाटी. फोनमधला आवाज तिच्यापर्यंत पोचला असणार, कारण तिनं मोकळा हात पुढे केला.

"द्या ना काकू. आई आहे ना?"

मी त्या हाताकडे बघितलं. स्वच्छ हात. रंगाचा एक ठिपका नाही, नखाच्या कडेलाही नाही.

"रसिका घरी नाही हो," मी म्हणाले.

 पलीकडून तिची आई म्हणाली, "बरं. आली की सांगा."

मी फोन ठेवला. दारातली रागावली नाही. तिनं वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला, आत येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला.

"येईल हो काकू," ती म्हणाली. "तोवर मी आहे ना."